पाऊण मिनिट मागे

आप्पा, म्हणजे माझे वडील, सुरत सोडून गावी गेले, तेव्हापासून मला एकट्यानं मॅच बघणं जमलेलं नाही. उभं आयुष्य कापडाच्या लूमवर काढून ते आईला घेऊन अमळनेरकडच्या आमच्या गावी परतले. मी सुरतेतच लिंबायतची खोली सोडून पांडेसऱ्याला सोसायटीत फ्लॅट घेतला. भिंतभर टीव्ही आणला, पण बायकोला क्रिकेटचं वावडं, शेजारी बसणारं माणूसच नाही.

लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, कान फाटतील एवढा आवाज असतो, म्हणून तिथली माणसं हातांनी बोलतात. आप्पा घरीही मॅच तशीच बघायचे. बॉलर पळायला लागला की माझा गुडघा दाबून धरायचे. विकेट पडली की गुडघा सोडून एक बोट वर. गल्ली बोंबलत असायची आणि आमच्या घरात नुसतं बोट. लहानपणी मला त्या पकडीचा राग यायचा, कारण गुडघा खरोखर दुखायचा. आज त्याच दुखण्यासाठी जीव तुटतो, हे सरळ सांगून टाकतो.

मग आम्ही एक युक्ती काढली. रविवारी दुपारची मॅच असली की मी आईच्या बटणाच्या फोनवर फोन लावायचा, तिनं तो स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवायचा, आणि आप्पांनी त्यांच्या मोबाईलवर, मी माझ्या टीव्हीवर एकत्र मॅच बघायची.

पहिल्याच रविवारी घोळ झाला. माझ्याकडे बॉलर अजून पँटला बॉल घासत होता आणि आप्पा म्हणाले, "गया रे."

"कोन गया?" मी विचारलं. पाऊण मिनिटानं टीव्हीनंच सांगितलं कोण गेला ते.

कारण कळायला वेळ लागला नाही. आप्पांचं सिम ज्या कंपनीचं, मॅचचं ॲपही तिचंच. त्यांना मॅच फुकट, वर ताजी. आमच्या सोसायटीत बिल्डरनं दुसऱ्याच कंपनीची वायर घेतलेली, आणखी कुणाची येऊच देत नाही. या कंपनीचं स्वतःचं खेळाचं ॲप आहे, ते घोड्यासारखं पळतं. आप्पांचं ॲप मात्र तिच्या वायरीतून अडखळत, धापा टाकत येतं. रस्ताही ज्याचा आणि दुकानही ज्याचं, तो दुसऱ्याच्या गाडीसाठी खड्डे कशाला बुजवील? सगळ्यांचा माल सारख्याच चालीनं सोडायचा असा नियम आहे म्हणे. तो मी कंपनीला फोन करून ऐकवला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, अमारा तरफथी बधुं बराबर छे. तमे अमारी ॲप लई लो ने." म्हणजे त्यांच्याकडून सगळं ठीक, वर मीच त्यांचं ॲप घ्यायचं; आणि त्यांच्या ॲपवर ती मॅच दाखवतच नव्हते. ते मुद्दाम करत होते की नुसता गलथानपणा होता, मला आजही सांगता येणार नाही. राग मात्र दोन्हीचा सारखाच येतो.

आणि त्या रागात मी अक्कल पाजळली. आप्पांच्या कंपनीची रेंज माझ्या फ्लॅटमध्ये येत नाही; मला पुढे जाता येईना, म्हणून आप्पांना मागे ओढलं. गावी गेलो तेव्हा त्यांचं सिम बदलून माझ्या वायरवाल्या कंपनीचं करून दिलं. दोघं सारखेच रखडलो तर निदान एका वेळी रखडू, असा हिशेब. पण त्या कंपनीला आमच्या गावात धड रेंजच नाही. आप्पांचं चित्र एकदा थिजलं की थिजलंच. सिम लगेच परत बदलताही येईना. आख्खा सीझन त्यांनी थिजलेला मोबाईल समोर धरून माझ्या तोंडून मॅच ऐकली. "चालस रे," एवढंच म्हणायचे. मला माझीच लाज वाटायची.

शेवटी त्यांचं जुनं सिम परत आलं. आता ते पुन्हा पुढे जाणार, अशी मी मनाची तयारी केली होती. पण नाही. चौकार असो, विकेट असो, मी बोलल्यावरच त्यांचा हुंकार यायचा. वेळ आपोआप जुळली, असं मी धरून चाललो. बायकोलाही फुशारकीनं सांगितलं. इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

मग एका रविवारी, शेवटची ओव्हर उरलेली असताना, माझ्या टीव्हीवर गोल चाक फिरायला लागलं. मी गप्प बसलो. आप्पाही गप्प. त्यांचंही अडकलं असेल, असं मला वाटलं. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. फोनवर फक्त कुठेतरी बकरी ओरडत होती.

शेवटी आईच बोलली. "अरे, मॅच कव्हयच सरनी. लोके घर ग्यात. ह्या तोंडवर हात ठी बसेल शेतस. दर रविवारले असंच. तू बोलस नही तोवर बोलाव नहीत म्हने."

म्हणजे मॅच केव्हाच संपली होती, आणि दर रविवारी मी बोलेपर्यंत आप्पा तोंडावर हात ठेवून बसत होते. शेवटची ओव्हर आली का म्हणून आप्पांनी विचारलं, "तुनाकडे उनी का?"

"नही उनी. तुम्ही सांगा ना, आप्पा."

"नही. तू दखी ले पहिले. मी थांबस."

चाक फिरतच होतं. ते थांबेल अशी चिन्हं नव्हती, आणि हा माणूस अंधार पडेपर्यंत बसून राहिला असता. मी म्हणालो, "उनी, आप्पा. दखी मी."

पलीकडून त्यांनी सोडलेला श्वास ऐकू आला. "हारी गऊत ना रे," ते म्हणाले.

आपण हरलो, हे मला तेव्हा कळलं. ते मात्र ती हार घेऊन इतका वेळ एकटेच बसले होते.