घराला जिना नाही

माझ्या वहिनीने माझ्या सख्ख्या भावाचा उजवा हात हातोडीने मोडला. हे मीच आधी सांगून टाकते, कारण बाहेर ते तिखटमीठ लावून सांगितलं जातं आणि त्यात वहिनीच्या हातात कुऱ्हाड असते. कुऱ्हाड नव्हती. सोफ्याला कापड चढवताना खिळे ठोकतात ती लहान हातोडी होती, आणि घाव तीन होते.

वहिनी सोफ्यांच्या कारखान्यात कामाला आहे. फाटका सोफा उलटा करायचा, जुनं कापड उचकटायचं, स्प्रिंगा बांधायच्या, नवं कापड ताणून खिळे मारायचे. खिळे ती तोंडात धरते आणि जिभेने एकेक पुढे सरकवते, त्यामुळे दिवसभर तोंड बंद. घरीही ती तशीच मिटून असायची. आम्ही सासरची माणसं कौतुकाने म्हणायचो, सून गुणाची आहे, उलटून बोलत नाही.

भाऊ गोदामात क्रेन चालवायचा. तिथे म्हणे टनभराची पेटी तो अलगद खाली टेकवायचा. घरी तोच हात ऊठसूट उठायचा. बारा वर्षांत वहिनी पाच वेळा दवाखान्यात गेली. कधी मनगट, कधी बरगडी, एकदा दोन दात. दर वेळी डॉक्टरांना तिने एकच सांगितलं, जिन्यावरून पडले. त्यांच्या घराला जिनाच नाही. बैठं घर आहे, दोन खोल्या आणि मागे मोरी. मला ते ठाऊक होतं. मी तिच्या शेजारी बाकावर बसायचे आणि तिला समजावायचे, भांड्याला भांडं लागायचंच. आज ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

हात मोडला त्या दुपारी त्यांच्या लेकीने दार उघडायला जरा उशीर केला, एवढंच निमित्त. भावाने डाव्या हाताला तिचे केस गुंडाळले, उजव्या हाताने चौकट घट्ट धरली आणि पोरीचं डोकं दारावर आपटायला लागला. वहिनी मागून कामावरून येत होती. तिने खांद्यावरच्या पिशवीतून हातोडी काढली आणि चौकटीवरच्या त्या हातावर तीन घाव घातले. ओरडली नाही, शिवी दिली नाही. आई रोज खिळे मारते तसंच मारलं, असं भाची मला म्हणाली.

हाडं जुळली, पण मूठ मिटेना. क्रेन गेली, तिच्याबरोबर पगार गेला. भाऊ माझ्याकडे राहायला आला, कारण माझ्याशिवाय त्याला दारात कोण उभं करणार. घराचं कर्ज दोघांच्या नावावर होतं. हप्ते थकले आणि घराचा ताबा घेण्याची नोटीस त्याच चौकटीशेजारी चिकटली. वहिनी बँकेत जाऊन बसली. तिथल्या बाईंनी वाट दाखवली. मुदत वाढवली तर हप्ता कमी होईल, तिच्या एकटीच्या पगारात बसेल. त्यासाठी अर्ज करायचा, अडचण का आली याचं पत्र जोडायचं आणि दोघांनी सह्या करायच्या.

मी भावाच्या विनवण्या केल्या. त्याने कशीबशी डाव्या हाताने सही केली. ती जुन्या सहीशी जुळत नाही म्हणून अर्ज परत आला. आता त्याने स्वतः बँकेत येऊन अंगठा द्यायला हवा होता. तोवर त्याला पत्राचा सुगावा लागला. बायकोने हात मोडला हे कागदावर येणार म्हटल्यावर त्याने जेवणाचं ताट माझ्या तोंडावर फेकलं. भुवई फाटली, चार टाके पडले. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी काय सांगावं? जिन्यावरून पडले. मी तिसऱ्या मजल्यावर राहते, त्यामुळे त्यांना ते पटलंही.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी आम्ही तिघं बँकेत गेलो. बाईंनी पत्र वाचलं. वहिनीने पाचच ओळी लिहिल्या होत्या. नवऱ्याचा हात मी मोडला, तो मुलीला मारत होता, हात पुन्हा कामाचा होणार नाही, त्याची कमाई परत येणार नाही, तरी हप्ता माझ्या पगारात बसवावा. बाईंनी हलक्या आवाजात सुचवलं, अपघात लिहा, विषय मिटेल. भाऊही म्हणाला, मी जिन्यावरून पडलो असं लिही, लगेच अंगठा देतो.

वहिनी त्याच्याकडे बघून म्हणाली, "आपल्या घराला जिना नाही."

त्याने डाव्या हाताने तिची मान धरली आणि तोंड टेबलावर आदळलं. ओठ फुटून रक्त अर्जावर पडलं. रखवालदाराने धावत येऊन त्याला मागे ओढलं आणि खुर्चीत दाबून बसवलं. बाईंनी फोन उचलला. पोलिसांना बोलावू का म्हणाल्या. वहिनीने ओठाला पदर लावला आणि मान हलवली, आधी अर्ज. बाई दुसरा कोरा अर्ज आणायला आत गेल्या. भाऊ म्हणाला, आता तर घराचा लिलावच बघ.

मी वहिनीच्या पिशवीत हात घातला. हातोडी तिथेच होती. ती काढून मी त्याच्यासमोर टेबलावर ठेवली.

"उजवा तिने मोडला," मी म्हटलं. "डावा मी मोडते. अंगठा तेवढा राखते."

आधी तो हसला. मग त्याची नजर माझ्या भुवईवरच्या टाक्यांवर गेली आणि तिथून हलेना. रखवालदार सगळं बघत होता, पण तो पंख्याकडे बघायला लागला. बाई परत आल्या तेव्हा हातोडी माझ्या मांडीवर होती आणि भावाने अंगठा शाईच्या डबीवर टेकवलेला होता. आपण केलं ते बरोबर की चूक, याचा विचार मी अजूनही केलेला नाही. पत्र होतं तसंच गेलं.

अर्ज मंजूर झाला. वहिनी त्रेसष्ट वर्षांची होईपर्यंत हप्ते भरणार आहे. घर तिचं वाचलं, भाऊ माझ्याकडे राहिला. त्याला हाकलून देईन असं मी रोज ठरवते, पण इथून निघाला तर तो सरळ तिच्या दारात जाईल, म्हणून ठेवून घेतलाय.

परवा वहिनी आली. तो झोपला होता. तिने वर्तमानपत्रात गुंडाळलेली तिची जुनी हातोडी माझ्या हातात दिली. मुठीला नवं कापड गुंडाळलेलं होतं.

"मारताना हातोडीकडे बघायचं नाही, ताई," ती म्हणाली. "खिळ्याकडे बघायचं."

मी ती ओट्यावर डब्यांच्या मागे ठेवली आहे. तो जेवायला बसला की मी ओट्यापाशीच उभी असते.