मनोरीच्या बोटीतला अंबाडा

मालाडला मार्वे रोडवर, एका औषधांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं पार्लर होतं. आमचं म्हणजे मॅडमचं. मी तिथे ब्यूटिशियनचा कोर्स करत होते. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला दोनदा नापास झाले होते आणि तिसऱ्यांदा बसणार नाही असं घरी सांगून टाकलं होतं. संपानंतर वडिलांना गिरणीने परत घेतलं नव्हतं. ते कांदिवलीच्या एका कारखान्यात रात्रपाळीची वॉचमनकी करत आणि दिवसा आमच्या एका खोलीत तोंडावर पंचा टाकून झोपत. पार्लरचं ऐकून ते एवढंच म्हणाले की आता घेतलंस ते तरी पुरं कर.

जानेवारीतल्या एका शनिवारी दुपारी ती पार्लरमध्ये आली. माझ्याच वयाची, बावीस-तेवीसची. मनोरी गावातल्या ख्रिश्चन घरातली, मालाडला एका ऑफिसात टायपिस्ट. तिने खुर्चीत बसून शेपटा सोडला आणि केस खुर्चीच्या मागून थेट फरशीला टेकले. दाट, काळे, किंचित कुरळे. दोन आठवड्यांनी वांद्र्याला एका हॉलमध्ये मोठा नाच होता, त्यांच्या उपासाचे दिवस सुरू व्हायच्या आधीचा. पुरुषांनी सूट घालायचे, बायकांनी लांब गाऊन. गाऊन शिवून तयार होता. तिला केस वर बांधून हवे होते.

मॅडमनी केस हातात घेतले, वजन केल्यासारखे वर-खाली केले आणि म्हणाल्या की एवढ्या केसांचं काही होणार नाही. खांद्यापर्यंत कापून टाक, मग रोलर लावून मस्त सेट करून देते. तिने विचारलं, न कापता नाही का होणार? मॅडम नाही म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात वाईट काहीच नव्हतं. त्या काळात आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक जणी कापायलाच येत, स्टेप कट नाहीतर बॉय कट, आणि मॅडमचा हात कात्रीवर बसलेला होता. तिने पुन्हा शेपटा घातला, थँक्यू म्हणाली आणि निघाली.

चहा सांगून येते असं म्हणून मी तिच्या मागे उतरले. जिन्यातच तिला गाठलं. न कापण्याचं काही कारण आहे का, नवस वगैरे, असं विचारलं. ती म्हणाली, नवस नाही. मागच्या वर्षी ती त्याच नाचाला साधा शेपटा घालून गेली होती. टेबलाशी बसलेल्या वांद्र्याच्या एका मुलीने तिला इंग्रजीत विचारलं की तू शेतातून थेट इकडेच आलीस का. सगळे हसले.

"मी पण हसले," ती म्हणाली. "रात्रभर हसत बसले. आता यंदा कापून गेले तर तिचं खरं झालं ना? केस माझे आहेत. मना ते कापायचे नाहीत, आणि जायचं पण आहे."

'मला'च्या जागी गावाकडच्या बोलीतलं ते 'मना' तिच्या तोंडून मध्येच निसटायचं.

"मी करून देते," मी म्हटलं.

तोवर मी आयुष्यात तीन अंबाडे घातले होते. तिन्ही पार्लरमधल्या मैत्रिणीच्या डोक्यावर, आणि तिचे केस खांद्यापर्यंत. हेही मी तिला तिथल्या तिथे सांगितलं. तरी ती म्हणाली, उद्या रविवारी घरी ये.

मार्व्याच्या धक्क्यावरून बोटीने खाडी ओलांडली की मनोरी. तिचं घर गावात आत होतं, पुढे ओटा, अंगणात पांढरा क्रूस. तिच्या आईने मला ओट्यावर स्टूल दिलं. मी पार्लरमध्ये शिकले होते तसंच सगळं केलं. उलटा कंगवा मारून केस फुगवले, डोक्याच्या वर घट्ट बांधले, गुंडाळले, पिना आणि आकडे खोचले, वरून स्प्रे मारला. दोन तास लागले. आरशात झकास दिसत होतं. तिची आईसुद्धा दारातून बघून गेली.

मग ती म्हणाली, चल, टिकतो का बघू, बोटीतून जाऊन येऊ.

खाडीवर दुपारनंतर वारा सुटतो हे माहीत होतं मला, पण केसांच्या बाजूने मी त्याचा विचारच केला नव्हता. बोट अर्ध्यावर गेली आणि अंबाडा हलला. आधी थोडासा कलला. मग आतल्या आत सरकायला लागला, कारण तेवढं वजन चाळीस पिनांवर टांगलेलं होतं. पिना एकेक करून पडू लागल्या, काही पाण्यात, काही फळ्यांवर. धक्का येईपर्यंत सगळा डोलारा तिच्या डाव्या कानावर आला होता. बोटवाल्याने पायापाशी पडलेल्या पिना गोळा करून माझ्या हातात दिल्या. समोर बसलेल्या बायका बघत होत्या.

मी म्हटलं, इतकं कशाला, वांद्र्याला पोचून तिथेच बांधू या. हॉलमध्ये बाथरूम असेलच. ती पटकन म्हणाली, "घरातून नटून निघायचं असतं. क्रूसापुढे फोटो काढून, आईला दाखवून. संडासात उभं राहून नटायचं नाही मला."

आमच्या खोलीवर बांधावं तर वडील झोपलेले. तेही शक्य नव्हतं. म्हणजे केस मनोरीलाच बांधायचे आणि खाडी ओलांडायची. मी तिच्याकडे पुढच्या रविवारपर्यंत वेळ मागितला.

दोन दिवस मी पार्लरमधली पुस्तकं चाळली. त्यातल्या कुठल्याच बाईला होडीतून जायचं नव्हतं. बुधवारी आईबरोबर बाजारात गेले. आमची नेहमीची कोळीण मढहून यायची. आई वर्षानुवर्षं तिच्याकडूनच मासळी घ्यायची आणि आम्ही तिला मावशी म्हणायचो. ती खाली वाकून पाटी उचलत होती. भरलेली पाटी डोक्यावर गेली, मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झाली आणि मानेवरचा तिचा अंबाडा जागचा हलला नाही. मी बारकाईने बघितलं तर त्यात एक पिन दिसली नाही.

मी विचारलं, मावशी, हा कसा बांधतेस? तिला वाटलं मी थट्टा करते. भाव कमी करायला काहीही बोलता, असं म्हणून तिने आईकडे तक्रार केली. मग मी तिला सगळं सांगितलं, बोटीचं, पिनांचं, नाचाचं. ती ऐकून घेऊन म्हणाली, तीन वाजता ये, माल संपल्यावर.

तीन वाजता बाजाराच्या मागच्या नळावर तिने केस सोडले. आणि मला मागे उभं करून म्हणाली, मी सांगते, तू बांध. बघून येणार नाही.

तिचं सांगणं असं होतं. सगळे केस एकत्र बांधायचे नाहीत. मधला भाग वेगळा काढून तेवढाच मुळाशी काळ्या दोऱ्याने करकचून बांधायचा. तो खुंटा. मग उरलेल्या दोन बाजू एक डावीकडून, एक उजवीकडून त्याच्याभोवती उलटसुलट फिरवायच्या, दर फेऱ्याला ओढून, आणि टोकं खुंट्याच्या खालून आत घालून पुन्हा दोऱ्याने आवळायची.

"केसांचा भार केसांवर टाक," ती म्हणाली. "आकड्यावर टाकशील तर आकडा काय करेल बिचारा?"

मी बांधला. तिने रिकामी पाटी डोक्यावर ठेवली, नळापासून रस्त्यापर्यंत गेली आणि परत आली. अंबाडा सुटला. तिने केस मोकळे केले आणि पुन्हा बसली. त्या दिवशी तीनदा सुटला. गुरुवारी दोनदा. तिच्या केसांना खोबरेल आणि मासळीचा वास होता. माझ्या हाताला तो लागायचा आणि सकाळी पार्लरमध्ये मला सारखा साबण लावावा लागायचा. शनिवारी, पार्लर सुटल्यावर, मावशी पाटी घेऊन गेली आणि आली, आणि तो हलला नाही. ती म्हणाली, आता बरा. मी तिला काय देऊ विचारलं तर तिला राग आला.

दुसऱ्या रविवारी मी मनोरीला जाऊन तसा अंबाडा बांधला आणि आम्ही बोटीत बसलो. पार मार्व्याला जाऊन परत आलो. एक केस सुटला नाही. मी खूश होते. घरी आल्यावर तिने आरसा घेतला.

"टिकला," ती म्हणाली. "पण मी बाजारात मासळी घेऊन बसल्यासारखी दिसते गं."

बोलून झाल्यावर तिची तिलाच लाज वाटली. पण तिचं म्हणणं खोटं नव्हतं. गाऊनचा गळा मागून खोल होता, त्यावर मानेपाशी तेवढा मोठा गोळा शोभत नव्हता. मी पुन्हा केस सोडले. खुंटा चार बोटं वर घेतला. बाजूंचे सगळे केस न गुंडाळता थोडे राखून ठेवले आणि त्यांच्या सहा बारीक वेण्या घातल्या. मग त्या वेण्या अंबाड्यावरून जाळीसारख्या फिरवल्या. भार खालच्या अंबाड्यावर, वेण्या नुसत्या दिसायला. पिना फक्त वेण्यांना, अकरा. संध्याकाळ होईपर्यंत आम्ही तेच करत बसलो. तिच्या आईने चहा दोनदा आणला आणि दोनदा थंड झाला म्हणून परत नेला.

नाच येत्या शनिवारी होता. शनिवार पार्लरचा सगळ्यात गर्दीचा दिवस. मी गुरुवारी मॅडमना सांगितलं की शनिवारी मी येणार नाही, आणि का ते पण सांगितलं. आजारी आहे म्हणाले असते तर निभावलं असतं. पण मला ते लपवायचं नव्हतं.

मॅडम टॉवेलच्या घड्या घालत होत्या. त्या थांबल्या. "मी परत पाठवलेलं गिऱ्हाईक तू माझ्या जिन्यातून पळवलंस?"

"मॅडम, तुम्ही नाही म्हणालात म्हणून मी गेले."

"मग सोमवारी पण येऊ नकोस," त्या म्हणाल्या आणि पुन्हा घड्या घालू लागल्या.

कोर्स संपायला दोन महिने होते आणि सर्टिफिकेट हातात नव्हतं. घरी मी काहीच बोलले नाही. शनिवारी सकाळी दहाच्या बोटीने मनोरीला गेले.

दोरा आवळताना ती एकदा आई गं म्हणाली, तेवढंच. गाऊन निळा होता. तिच्या आईने अंगणातली पांढरी फुलं आणली. मी त्यातली पाचच घेतली, बाकीची परत दिली, आणि आईंना ते आवडलं नाही. क्रूसापुढे फोटो झाले. तिचा मोठा भाऊ सोबत जाणार होता. तो सूट घालून, बूट हातात घेऊन उभा होता, कारण ओहोटी होती आणि बोटीपर्यंत ओल्या वाळूतून चालायचं होतं. तिने गाऊन गुडघ्यापर्यंत वर धरला, मी मागून टोक उचललं, आणि आम्ही तिघं तसे बोटीपाशी गेलो.

वारा त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्तच होता. भावाने तिला डोक्यावर टॉवेल घ्यायला सांगितलं. ती नको म्हणाली आणि सरळ वाऱ्याकडे तोंड करून बसली. मी मागे बसले आणि पूर्ण वेळ तिच्या मानेकडे बघत राहिले. कपाळावरचे बारीक केस उडत होते. तेवढेच. बोट धक्क्याला लागली तेव्हा एक वेणी किंचित वर आली होती, ती मी पिन दाबून खाली बसवली. टॅक्सी उभी होती. काच खाली करून तिने मला विचारलं, ठीक आहे ना? मी म्हटलं, जा तू. टॅक्सी गेली आणि मी मार्वे रोडने चालत घरी आले. वडील कामावर निघाले होते. हातांना कसला वास येतोय, त्यांनी विचारलं. स्प्रेचा होता.

सोमवारी मी पार्लरला गेले. येऊ नकोस म्हटलं होतं, ते माझ्या लक्षात होतं. पण फी भरली होती, कोर्स माझा होता, आणि मी तो अर्धा सोडणार नव्हते. मॅडमनी मला दारात बघितलं आणि आत घेतलं नाही. मी जिन्यात बसले. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका माझ्या बाजूने वळसा घालून जात होत्या. जेवायच्या वेळी मी डबा तिथेच खाल्ला.

पाच वाजता ऑफिस सुटल्यावर ती आली, तर मी जिन्यातच. ती माझ्या शेजारच्या पायरीवर बसली आणि नाचाचं सांगायला लागली. बँड चांगला होता. ती आठ वेळा नाचली, त्यातल्या तीन वेळा एकाच मुलाबरोबर. मागच्या वर्षीची ती मुलगी आली होती, पण तिने हिच्याकडे फारसं बघितलं नाही. काही बोललीही नाही.

"मना वाटलं होतं, ती काहीतरी बोलेल," ती म्हणाली. "मी उत्तर पण तयार ठेवलं होतं. पण मग नाचताना विसरूनच गेले."

अंबाडा सोडायला दुसऱ्या दिवशी तिच्या आईला तासभर लागला. दोरा कात्रीने कापावा लागला, आणि त्यात एक केस तुटू नये म्हणून आईने चष्मा लावला होता.

मंगळवारीही मी जिन्यात बसले. बुधवारी मॅडमनी दार उघडून माझ्या हातात झाडू दिला. कात्री, रोलर कशालाही हात लावायचा नाही, फक्त जमिनीवरचे केस काढायचे, असं त्यांनी सांगितलं. मी तीन आठवडे केस काढले. मग एका दुपारी मनोरीशेजारच्या गोराईहून एक आई आपल्या मुलीला घेऊन आली. मुलीचं लग्न ठरलं होतं. मनोरीच्या त्या मुलीचे केस कोणी बांधले होते, असं त्यांनी दारातच विचारलं. मॅडमनी माझ्याकडे बोट दाखवलं.

मी झाडू ठेवला, हात धुतले आणि मुलीला खुर्चीत बसवलं. मॅडम आपलं काम सोडून शेजारी येऊन उभ्या राहिल्या. मी मधला खुंटा बांधला.

"भांग वाकडा आहे," त्या म्हणाल्या.

मी मुलीच्या समोर जाऊन बघितलं. खरंच वाकडा होता. मी दोरा सोडला आणि पुन्हा भांग काढला.