ऑपरेशनच्या आदल्या दिवसाची काकवी

माझ्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन दोनदा रद्द झालं. दोन्ही वेळा मीच ते रद्द केलं. घरी मात्र डॉक्टरच्या मशीनला नावं ठेवली.

मोतीबिंदू पिकला होता. दौंडच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "आजी, आधी साखर खाली आणा, मग अर्ध्या तासाचं काम आहे." तारीख मिळाली. आदल्या दिवशी मी वरवंडला बहिणीकडे मुक्कामाला गेले. तिथून हायवेवरून दवाखान्याला जायला गाड्या जास्त मिळतात, असं घरी सांगितलं. खरं कारण होतं तिच्या घरामागचं गुऱ्हाळ. गूळ होण्याआधीची गरम काकवी मी भाकरीबरोबर खाल्ली, भाकरी संपल्यावर नुसतीच खाल्ली. कढईवरच्या यूपीच्या माणसाने विचारलं, "अम्मा, और दूँ?" मी वाटी पुढे केली. सकाळी दवाखान्यात बोट टोचलं आणि साखर तीनशेच्या वर निघाली. डॉक्टरांनी घरी पाठवलं. मी तोंड पाडून आले, पण आतून हलकं वाटत होतं.

दुसऱ्या वेळी मी शहाणी झाले होते. गुऱ्हाळावर बसून खाण्यापेक्षा गुळाचा खडा पदराला बांधून नेला आणि दवाखान्याच्या बाकावर बसून संपवला. परत तेच.

घरी आल्यावर म्हाताऱ्याला म्हटलं, "आवो, मशीन बिघडलंय त्येंचं."

"तुझं बोट बघूनच बिघडतंय व्हय ते?" म्हातारा म्हणाला.

आता कोणी विचारेल, बाई, तुला दिसायला नको होतं का? हवं होतं. चहात पडलेली माशी मी गवती चहाचं पान समजून प्यायले आहे. पण माझी ही खोड जुनी आहे.

बापाने चौथीनंतर शाळा बंद केली, असं मी जन्मभर सांगत आले. ऐकून बायका हळहळतात, एखादी डोळे पुसते. खोटं आहे ते. बापाने मला पाचवीसाठी शिरूरला मामाकडे ठेवायचं ठरवलं होतं, नवा परकर शिवून आणला होता. निघायच्या दिवशी सकाळी मीच मेंढरांमागे पळाले आणि चुलत्याच्या कळपाबरोबर नदीपलीकडे गेले. सापडले तोवर शाळा सुरू झाली होती. गावच्या शाळेत आम्ही सात पोरं होतो आणि सातांत मी पहिली होते. शिरूरच्या वर्गात किती पोरं असतील आणि मी कितवी येईन, या विचाराने मी पळाले होते. पहिली आलेली पोर बापामुळे घरी बसली, हे सांगायला बरं वाटतं. बाप मेला, त्याला आता उत्तर देता येत नाही.

डोळ्याचंही तेच. आमच्याकडे आता वीसेक मेंढ्या उरल्यात. संध्याकाळी कळप घरी आला की लहान कोकरं ज्याच्या त्याच्या आईला लावायची असतात. मोठी कोकरं आपली आपण जातात. चार-आठ दिवसांची मात्र धरून लावावी लागतात, आणि पहिलटकरीण मेंढी असेल तर तिचाही पाय धरावा लागतो. लग्न होऊन आले तेव्हापासून हे काम माझं. मेंढीचं तोंड बघून मी तिची आईसुद्धा सांगत असे. गेल्या काही वर्षांत चुका व्हायला लागल्या. डोळ्यात मोतीबिंदू होता तोवर सगळ्या चुका त्याच्या नावावर जात होत्या. ऑपरेशन झालं आणि तरी चुकलं तर?

थंडीत दोन पहिलटकरणी एकाच दिवशी व्यायल्या. कोकरं दोन्ही तांबूस. मी एक कोकरू धरून मेंढीला लावलं, तिने लाथ मारली. मी तिलाच शिव्या दिल्या.

सून कंपनीतून आली होती, अजून अंगावर युनिफॉर्म होता. म्हणाली, "आत्या, ही त्याची आई न्हाई वाटत."

"तू कंपनीत नटबोल्ट मोज जा. मला मेंढरं शिकवू नगंस."

दोन दिवस मी त्या मेंढीचा पाय धरून बसले. ती पान्हा चोरत होती आणि मी तिला माजलेली म्हणत होते. पलीकडे दुसरी मेंढी तटतटलेली कास घेऊन ओरडत होती. तिचं समजलेलं कोकरू सारखं या मेंढीकडे पळून येत होतं, म्हणून ती ओरडते, असं मी म्हणत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी, मी लावत होते ते कोकरू उठलं नाही.

 म्हाताऱ्याने कोकरू उचलून नेलं, हात धुतले आणि म्हणाला, "हितनं फुडं कोकरं सून लावंल."

दोन दिवस गेले. मग सून भाकऱ्या थापत होती तिथे जाऊन बसले आणि काकवीचं, गुळाचं सगळं सांगितलं. तिने भाकरी उलटली.

"ठाव हाय मला. तुमच्या पदराला मुंग्या लागल्या हुत्या."

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलले आसते तर तुम्ही दवाखान्याचं नावच काढलं नसतं."

हे खरंच होतं. मी म्हटलं, "आता नवी तारीख घे. आठ दिवस माझ्या तोंडात काय जातं ते तू बघायचं. मी कितीबी शिव्या घातल्या तरी हटायचं न्हाई."

"शिव्यांची सवय हाय, आत्या."

तिने रजा टाकली. गुळाचा डबा शेजारणीकडे गेला. बहिणीचा फोन आला तेव्हा सुनेनेच उचलला आणि मुक्काम परस्पर नाकारला. मी सात दिवस कारल्याची भाजी खाल्ली आणि तिच्या माहेरच्या सगळ्यांचा उद्धार केला. आठव्या दिवशी सकाळी आमटीत मीठ जास्त पडलं, तेवढ्यावरून मी ताट ढकललं आणि म्हटलं, या घरातून मी कुठं जात नाही.

"बरं," सून म्हणाली, "भांडण परत येताना करू. गाडी दारात उभी हाय."

डॉक्टरांनी बोट टोचलं. "छान. या वेळी काय वेगळं केलंत?"

"काकवी बंद केली," मी म्हणाले. "कसली काकवी?" त्यांनी विचारलं. मी बाकीचंही सांगून टाकलं. शेजारच्या बाकावरचा एक आप्पा इतका हसला की त्याला खोकला आला.

ऑपरेशन झालं, पट्टी निघाली. भिंतीवर पाल होती, ती पाल दिसली. म्हातारा मला वाटत होता त्यापेक्षा बराच म्हातारा निघाला. महिनाभर डोळ्यात थेंब घातले, धुळीत गेले नाही. मग एका संध्याकाळी मी म्हटलं, आज कोकरं मी लावते. म्हातारा काठीवर हनुवटी टेकून बसला. सून दारात उभी राहिली.

लहान कोकरं सात होती. पाच बरोबर लागली. सहावं कोकरू मी तोंडं नीट बघून, खात्रीने लावलं. मेंढीने हुंगलं आणि धडक दिली.

थेंबांनी अजून धूसर दिसतंय, हे वाक्य जिभेवर तयार होतं. मेंढीच भांबावली आहे, हेही होतं. डोळा चांगला होता, उजेड चांगला होता. चूक माझी होती.

"चुकलं," मी म्हणाले. "ही न्हाई."

"मग कुठली?" म्हाताऱ्याने विचारलं.

"थांबा की जरा. बघती."

कोकरू काखेत घेऊन मी पुढच्या मेंढीकडे गेले.