राणीची बाजू

माझ्या जिभेला हाड नाही हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. पण त्याची भीती वाटायला मला दुबईत, डिस्कव्हरी गार्डन्समध्ये येऊन राहावं लागलं.

निमित्त एका कार्टूनचं. परीकथेची मालिका होती, दर शुक्रवारी दुपारी नवा भाग यायचा. माझी नऊ वर्षांची लेक, समोरच्या फ्लॅटमधली तिची मैत्रीण, त्या मैत्रिणीची अम्मी आणि मी, अशा चौघी आमच्या सोफ्यावर दाटीवाटीने बसून बघायचो. शेजारीण रायगडची, नवरा उम्म अल कुवैनला फॅक्टरीत. पोरींचं सोडा, आम्ही दोघीच जास्त तावातावाने बोलायचो. सगळा वाद एका पात्रावरून, राजकन्येच्या सावत्र आईवरून. ही राणी राजवाड्याची दारं कुलपात ठेवायची, राजकन्येला जंगलाकडे फिरकू द्यायची नाही. माझी लेक तिला जेलर म्हणायची. शेजारीण तर राणी मरायलाच हवी म्हणायची. शेजारणीची मुलगी मात्र एकटी तिची बाजू घेऊन भांडायची. जंगलात काहीतरी आहे, म्हणूनच ती दार लावते, असं तिचं म्हणणं.

एकदा चिवडा खाता खाता मी बोलून गेले, "सावत्र ती सावत्रच. तिला कुठून येणार माया?"

शेजारणीचा चेहरा पांढराफटक पडला. मला स्वयंपाकघरात नेऊन, नळ सोडून, तिने सगळं सांगितलं. मुलीची सख्खी आई मुलगी दीड वर्षाची असताना वारली. पुढे हिचा निकाह झाला आणि तिघं इकडे आले. मुलीला यातलं काही ठाऊक नाही. कोणीतरी बोलून जाईल या धास्तीने ही तीन वर्षं गावाकडे गेली नव्हती.

"ताई, तिला कळलं आणि ती माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागली, तर मी काय करू?"

कुणाला सांगणार नाही, असं तिने माझ्याकडून वचन घेतलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. राणीला सगळ्यांत जास्त शिव्या हीच का घालते, तेही तेव्हा उमगलं. त्या दिवसापासून मालिका सुरू झाली की मी तोंडात चिवडा कोंबून गप्प बसायचे.

मग मॉलमध्ये त्या मालिकेच्या चाहत्यांचा मेळावा ठरला, त्यात मुलांची वेशभूषा स्पर्धा. फॉर्मबरोबर मुलीच्या पासपोर्टची कॉपी हवी होती आणि प्रिंटर आमच्याकडे, लेकीच्या खोलीत. शुक्रवारी शेजारणीच्या नवऱ्याने फॅक्टरीतूनच मला फाइल पाठवली. इथे आपल्या लोकांचा हातच तसा बसलाय. पासपोर्ट मागितला की पहिलं पान आणि शेवटचं पान एकत्र पाठवायचं, कारण शाळा, व्हिसा, घर, सगळीकडे तसंच लागतं. मीही तितकीच शहाणी. पोह्यांना फोडणी देता देता फोनवरून प्रिंट दाबलं आणि मग फाइल उघडून पाहिली.

शेवटच्या पानावर आईचं नाव छापलेलं असतं. तिथे शेजारणीचं नाव नव्हतं.

गॅस तसाच टाकून मी लेकीच्या खोलीत धावले. माझी लेक जमिनीवर पुठ्ठ्याचा मुकुट कापत होती. मैत्रीण प्रिंटरपाशी उभी. तिने शांतपणे एक कागद माझ्या हातात दिला, फक्त पहिलं पान. दुसरं कुठाय, विचारलं.

"एकच आलं, आंटी."

मी ट्रे उपसला, टेबलाखाली वाकले, कचऱ्याचा डबा उलटा केला. काही नाही. तेवढ्यात बेल वाजली आणि शेजारीण हसत आत आली, हातात गरम करक चहाचा थर्मास. देवा रे, मी पोरीकडे बघू की तिच्याकडे! सांगावं तर कसं सांगावं? आणि नाही सांगितलं, पोरगी मध्येच विचारून बसली तर? त्या भागात काय घडलं ते मला आजही सांगता येणार नाही. मी फक्त पोरीचं तोंड बघत होते. राणी पडद्यावर आली तशी शेजारणीने नेहमीसारखी सुरुवात केली, की ही मेली की सगळी सुटतील. पोरगी सरकली आणि अम्मीच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली.

जाताना शेजारीण लिफ्टचं बटण दाबायला पुढे गेली. त्या दिवशी दोघींना खाली सुपरमार्केटमध्ये जायचं होतं. पोरगी दारात बूट घालत मागे राहिली. तिने मोज्यातून चौघडी घातलेला कागद काढून माझ्या मुठीत कोंबला.

"घरी नको. अम्मी विल सी."

मी खाली बसले. तू वाचलंस का, एवढंच कसंबसं विचारलं.

"आय सॉ इट लास्ट इयर. कपाटात." मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "प्लीज आंटी, डोन्ट टेल हर आय नो. शी गेट्स सो स्केअर्ड."

लिफ्टपाशी शेजारणीने हाक मारली, "यल्ला, चल गं." पोरगी धावत गेली आणि तिचा हात घट्ट धरून आत शिरली.

कागद मी गॅसवर जाळला. अजून दर शुक्रवारी चौघी बसतो, मी त्या दोघींच्या मध्ये. दोघींनीही माझ्याकडून वचन घेतलंय, एकमेकींना न सांगण्याचं. आणि मला माझ्या तोंडाची भयंकर भीती वाटते.