बोरीची मुकी बंदूक

‘ऐन उमेदीच्या काळात बोरीच्या एका घराण्यातील मौल्यवान बंदूक साफ करताना गणपत पांचाळ यांच्या हातून पोलादी सळई आत मोडली, बंदूक निकामी झाली आणि त्या शरमेने त्यांनी शस्त्रांचे काम कायमचे सोडले.’

गेल्या महिन्यात पिंगळीचे गणपतराव वारले, त्यानंतर याच पुरवणीत परभणीच्या एका निवृत्त शिक्षकांनी लिहिलेले हे वाक्य. ते घराणे माझे आहे, ती बंदूक आजही माझ्या बैठकीत आहे आणि ते वाक्य खोटे आहे. लेखक महाशयांनी आधार दिला आहे तो असा, की ही चूक गणपतरावांनी स्वतःच कबूल केली होती. केली होती, हे मला मान्य. माझ्यासमोरच केली होती. परंतु कबुली ऐकणे निराळे आणि ती कशासाठी दिली हे उमगणे निराळे.

बंदूक तोड्याची, म्हणजे पेटत्या वातीने उडवायची. नळीच्या पोलादावर जौहर, म्हणजे पोलादातच उमटलेली पाण्याच्या लाटांसारखी नक्षी, आणि त्या लाटांवरून दस्त्यापासून तोंडापर्यंत चढत गेलेली सोन्याच्या तारेची वेल. नळीच्या बाजूला रंजकाचा, म्हणजे बाहेर वातीने पेटवायच्या चिमूटभर दारूचा, विस्तव आत जाण्यासाठी बारीक छिद्र असते, त्याला बंदुकीचा कान म्हणतात. करणाऱ्याने त्या छिद्राभोवतीच आठ पाकळ्यांचे फूल मांडले होते, असे की छिद्र फुलाच्या नेमके मध्यभागी यावे. निजामाच्या अमलातल्या अखेरच्या वर्षांत वडिलांनी गणपतरावांना प्रथम बोलावले ते या फुलासाठी. हैदराबादेत एका उस्तादाकडे ते हे तारकाम शिकून आले होते, तिशीचे होते. मी विशीत होतो आणि त्यांना ‘अरे गणपत’ म्हणत होतो. त्यांनी डोळे मिटून नळीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “हे करनारा डावखुरा व्हता, मालक. आन् लय सबुरीचा.” तीनशे वेळा ती बंदूक मी हातात घेतली असेन, पण ती कोणा माणसाने केलेली आहे, हे मला त्या क्षणी प्रथम कळले.

आमच्या घरी दसऱ्याला सीमोल्लंघनाच्या वेळी ही बंदूक उडवण्याचा परिपाठ होता. दर खेपेला रंजक भडके, कानाभोवतीच्या पाकळ्या जळत, सोने सुटे. मग गणपतराव पिंगळीहून यायचे. पोलादावर बारीक आडव्या-उभ्या रेघा कोरायच्या, केसाएवढी तार त्यांत बसवायची, हलक्या हाताने ठोकायची आणि अकिकाच्या दगडाने घोटायची... आठ-आठ दिवसांचे काम, पुढच्या दसऱ्याला एका क्षणात जाळून टाकण्यासाठी. तिसऱ्या वर्षी त्यांनी वडिलांना सरळ विचारले, “हिला बोलती ठिवायची का देखनी, ते एकदा ठरवा. दोनी व्हायचं न्हाई.” आता जुन्या कामाखाली पोलादच उरत नाही, आणखी दोन भडक्यांत फूल कायमचे जाईल, असेही त्यांनी सांगितले. वडिलांनी उत्तर दिले, की फुले पुन्हा बसवता येतात, गावात गेलेला आवाज पुन्हा येत नाही.

त्या दसऱ्याला वडिलांचा हात कापू लागला होता म्हणून बंदूक प्रथमच माझ्या हाती आली. सारा गाव वेशीबाहेर उभा होता. मी वात टेकवली, रंजक फुस्स करून जळाले आणि बंदूक गप्प राहिली. दुसऱ्यांदाही तेच. मागून कोणीतरी म्हणाले, “घरच्या मालकिनीसारखी झाली, ऐकून घेती पर बोलत न्हाई,” आणि लोक हसले. मी गर्दीत उभ्या असलेल्या गणपतरावांना जे बोललो ते येथे लिहिणार नाही. ते खाली मान घालून वडिलांना एवढेच म्हणाले, “कानात सळई मोडली, मालक. हात चुकला.”

जिंतूरहून आणलेल्या लोहाराने कानात मोडक्या सळईसारखा काळा ठिपका पाहिला आणि मान हलवली. कडक पोलाद काढायचे तर कान मोठा करावा लागेल आणि मग नळी फाटणार नाही याची हमी देता येत नाही, असे तो म्हणाला. वडिलांनी हट्ट सोडला. गणपतरावांकडे त्यानंतर कोणी बंदूक दिली नाही. ‘सळईमोड्या’ हे नाव त्यांना पालमच्या बाजारापर्यंत पुरले. अडकित्त्यांवर तारकाम करून त्यांनी प्रपंच चालवला. म्हणजे त्यांनी काम सोडले नाही. आम्ही ते त्यांच्याकडून काढून घेतले. पुढे निजामाचे राज्य गेले, गावोगावची शस्त्रे जमा झाली, तेव्हा अंमलदाराने आमच्या नळीत फुंकून पाहिले, कानातून वारा येईना, म्हणून शोभेची वस्तू ठरवून त्याने ती एकटी परत दिली.

माझे म्हणणे असे. गणपतरावांनी कान जाणूनबुजून बुजवला. तसे सांगितले असते तर वडिलांनी कोणत्याही लोहाराकडून तो अर्ध्या घटकेत मोकळा करून घेतला असता. मोडलेल्या पोलादाला मात्र कोणी हात लावत नाही. फूल वाचवायचे तर स्वतःचे नाव घालवणे भाग होते, आणि एका अनोळखी डावखुऱ्या माणसाच्या आठ पाकळ्यांसाठी त्यांनी ते घालवले. एवढ्या मोठ्या मनाचा कारागीर मी दुसरा पाहिला नाही. गेल्या हिवाळ्यात पिंगळीला त्यांच्या ओसरीवर मी हे त्यांना उघड विचारले. ते बराच वेळ हसले... मग म्हणाले, “फुलं हायत ना जाग्यावर? मग बास की.”

शिक्षक महाशय याला पुरावा म्हणणार नाहीत, हे मी जाणून आहे. म्हणून त्यांचा लेख वाचल्यावर मी बंदूक परभणीला नेली आणि दोन साक्षीदारांदेखत नळीचा मागचा पेच उघडवून आत उजेड टाकला. सळई मोडली असती तर गंजलेले पोलाद दिसले असते. बाहेरचा काळेपणा केवळ कानाच्या तोंडाशी लावलेल्या लाखेचा आहे. आतून कान बुजलेला आहे तो सोन्याने.