अबू नायेफच्या तिवईवरचा पेला

अम्मानमधल्या जबल अल-ताजच्या चढावर कुणाच्या मुलाचं लग्न ठरायचं असलं, की पहिलं बोलावणं अबू नायेफला जायचं. उभा जन्म त्यानं अम्मान ते इरबिद बस चालवली, पण ती झाली पोटाची नोकरी. जीव रमायचा तो जाहामध्ये. चार वडीलधारे घेऊन मुलीच्या घरी जायचं, यजमानानं दिलेला कॉफीचा छोटा पेला तोंडाला न लावता समोर ठेवायचा आणि म्हणायचं, "आमची मागणी पुरी करा, मगच तुमची कॉफी पिऊ." मुलीचा बाप रीतीप्रमाणे आढेवेढे घ्यायचा आणि शेवटी म्हणायचा, "कॉफी घ्या, ज्यासाठी आलात ते तुम्हाला दिलं." लग्नंच काय, भावाभावांची भांडणं नि गल्लीतली वैरंसुद्धा त्यानं अशी कॉफी न पिता मिटवली होती. आपण रिकाम्या हातानं कधी परतलो नाही, असं तो स्वतःच सांगायचा, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं.

सल एकच होता. त्याच्या स्वतःच्या घरी आजवर कुणी पेला खाली ठेवला नव्हता. मुलगी नाही, सगळे मुलगे, आणि सगळे कुवेतला. भांडायला भाऊही नाही.

"दुनियेच्या दारात जाऊन बसलो," तो बायकोला म्हणायचा, "आणि माझ्या दारात विजेच्या बिलवाल्याशिवाय कुणी येत नाही."

"तोसुद्धा मुकाट कॉफी पिऊन जातो," उम्म नायेफ म्हणायची.

मुलं गेल्यापासून गच्चीवरच्या खोल्या रिकाम्या होत्या. उम्म नायेफनं दारावर पाटी लावली होती: 'भाड्याने देणे आहे. फक्त कुटुंबासाठी.' एकटं माणूस ठेवणं म्हणजे नसती बला, हे तिचं मत, आणि त्या घरात चालायचं ते तिचंच.

हिवाळ्यातल्या एका गुरुवारी, दिवस कलल्यावर, दारात एक मुलगी उभी राहिली. नाव शुरूक, गाव दक्षिणेतलं तफीला. रविवारपासून एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत ती कामाला लागणार होती. सकाळपासून निम्मं अम्मान पालथं घातल्यामुळे बूट चिखलानं भरले होते. अबू नायेफनं तिला आत बसवलं.

"पाटी वाचलीस ना, पोरी?"

"वाचली, अम्मो," काका म्हणावं तशी हाक मारत ती म्हणाली. "आज सगळीकडे तीच वाचली. एकानं विचारलं, नवरा कुठाय? म्हटलं, अजून सापडला नाही. तर म्हणतो, मग आधी तो शोध, घर नंतर शोध."

आत स्वयंपाकघरात दुधी कोरत बसलेली उम्म नायेफ खुदकन हसली आणि लगेच ओरडली, "बरोबरच बोलला तो!"

"बाबांनी आजचाच दिवस दिलाय," शुरूक म्हणाली. "चांगल्या घरात जागा मिळाली तर बघू म्हणालेत. नाहीतर झरकाला आत्याकडे. तिथे पाय ठेवायला जागा नाही, आणि रात्रपाळी संपल्यावर बस नसते. म्हणजे नोकरी गेलीच समजा."

अबू नायेफला फार वाईट वाटलं. पण पाटी बायकोची. "माझ्या हातात असतं तर..." असं पुटपुटत त्यानं वेलचीची कॉफी ओतली आणि पेला पुढे केला. शुरूकनं तो उजव्या हातात घेतला, जराशी घुटमळली आणि शेजारच्या तिवईवर ठेवून दिला.

अबू नायेफ बघतच राहिला.

"निवेल गं."

"राहू दे, अम्मो," ती खाली मान घालून म्हणाली.

त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सोबत ना बाप, ना काका. एकटी पोर जाहा घेऊन आली होती, आणि तीही त्याच्या घरी! तो उठला, घसा खाकरला. इतक्या वर्षांची हौस अशी अचानक पुढ्यात आल्यावर आढेवेढे घ्यायचंही त्याला सुचलं नाही.

"कॉफी घे, पोरी. ज्यासाठी आलीस ते तुला दिलं. वरच्या खोल्या तुझ्या!"

स्वयंपाकघरातला आवाज एकदम थांबला. शुरूकच्या डोळ्यांत पाणी आलं. "अल्ला तुमचं भलं करो," ती म्हणाली, पण पेल्याला काही तिचा हात लागेना.

अबू नायेफचा चेहरा पडला. मागणी मान्य झाल्यावरही कॉफी न पिणं म्हणजे देणाऱ्याच्या तोंडावर दार आपटणं. "आमचं काही चुकलं का?" त्यानं विचारलं. पोरगी नुसती लालबुंद झाली.

उम्म नायेफ हात पुसत बाहेर आली. तिनं पेल्याकडे बघितलं, पोरीच्या सुकलेल्या ओठांकडे बघितलं आणि तिला दंडाला धरून आत नेलं. थोडी कुजबुज झाली, मग उम्म नायेफचं हसणं गल्लीपर्यंत ऐकू गेलं.

"अबू नायेफ, अहो रोजा आहे तिचा! अडचणीच्या दिवसांत सुटलेले रमजानचे रोजे फेडतेय बिचारी. परक्या पुरुषापुढे सांगणार कशी? आणि तुम्ही खोल्या देऊन मोकळे!"

अबू नायेफ मटकन खाली बसला. "म्हणजे मागणी नव्हतीच?"

"नव्हती. पण शब्द गेला तो गेला." उम्म नायेफ बाहेर जाऊन पाटी काढूनच घेऊन आली. "उपाशीपोटी दिवसभर हे चढ चढली, आणि तोंडातून ब्र नाही काढला. अशा पोरीला मी बाहेर घालवू होय?"

मगरिबची अजान झाली. खजूर झाले, मसुरीचं गरम सूप झालं. अबू नायेफनं ताजी कॉफी ओतली, पण हाताला मघाचा उत्साह नव्हता. शुरूकनं पेला ओठांपर्यंत नेला, थांबली, आणि सावकाश तिवईवर ठेवला.

"आता काय? सूर्य तर मावळला!"

"अम्मो, बाबा अजून 'बघू'वरच अडलेत. फोनवर ते बधणार नाहीत. तुम्ही तफीलाला चला आणि त्यांच्यापुढे पेला ठेवा." तिनं त्याच्या डोळ्यांत बघितलं. "माझी मागणी पुरी करा, मगच तुमची कॉफी पिईन."

अबू नायेफचे डोळे भरून आले आणि त्यानं ते लपवले नाहीत. पण या खेपेला त्यानं घाई केली नाही. तफीला लांब आहे, म्हणाला. गुडघे दुखतात, म्हणाला. तिकडे थंडी फार, शिवाय उद्या शुक्रवार. तो टेकून बसला, दाढी कुरवाळली, छताकडे बघितलं, आणि आणखी एक अडचण शोधून काढली.

"पुरे झालं हो!" उम्म नायेफ करवादली. "कॉफी निवतेय पोरीची!"

"कॉफी घे, पोरी," अबू नायेफ म्हणाला. "आणि उम्म नायेफ, माझा जरीचा डगला काढून ठेव. सकाळी निघायचंय."

शुरूकनं पेला उचलला आणि एका घोटात रिकामा केला.