एकविसाव्या पानावरची चांदणी

आमच्या वाचनालयात विज्ञानकथांचं आणि अद्भुतकथांचं कपाट खिडकीपाशी आहे. संध्याकाळचं तिरकं ऊन त्यावर पडलं की तो कोपरा या जगातला वाटतच नाही. पंचाहत्तरी ओलांडलेले नाना तिथेच रमतात. वाचून झालेल्या पुस्तकाच्या एकविसाव्या पानावर ते पेन्सिलीने बारीक चांदणी काढून ठेवतात, म्हणजे तेच पुस्तक पुन्हा घरी जात नाही.

काल त्यांनी दोन चंद्रांच्या ग्रहावरची एक कादंबरी उघडली. एकविसाव्या पानावर चांदणी होती.

"वाचलंय की हो तुम्ही," मी म्हणालो.

"म्हणजे मी तिथे जाऊन आलोय," नाना हळूच म्हणाले, "आणि मला काहीच आठवत नाही."

मला वाटलं, आपणही किती ठिकाणी रमून आलो असू. ते उजेड, ती माणसं विरून गेली, आणि कोपऱ्यात एखादी खूण तेवढी उरली.

नानांनी तेच पुस्तक घेतलं. मग खिशातली पेन्सिल काढून जुन्या चांदणीशेजारी दुसरी काढली.

"अहो, वाचायच्या आधीच?"

"परत आल्यावर आठवेल, न आठवेल," ते म्हणाले आणि पुस्तक छातीशी धरून निघाले.